कबुली आणि चरित्र : बेंजामिन फ्रँकलिन व नाना फडणीस यांची अपुरी आत्मवृत्ते

मिरजोळ्याहून, म्हणजे रत्नागिरी शहराच्या वेशीवरून, किनाऱ्याने उत्तरेस निघावे आणि शास्त्री व वाशिष्ठी या नद्यांची मुखे ओलांडून जावे, म्हणजे जिल्ह्याच्या टोकाशी सावित्रीच्या मुखावर बाणकोटचा किल्ला लागतो. त्याच्या लगतच वेळास हे गाव आहे. हे भानू घराण्याचे मूळ गाव. या घराण्यातील बाळाजी महादेव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांबरोबर देशावर गेले आणि १७१९ मध्ये दिल्लीच्या दंग्यात मृत्यू पावले. त्यांचे नातू बाळाजी जनार्दन म्हणजेच नाना फडणीस. १७५६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर चौदा वर्षांच्या नानांकडे फडणिशी आली. त्याच वर्षीच्या तहाने बाणकोट इंग्रजांच्या स्वाधीन झाले. ज्या माणसाचे पुढील सारे आयुष्य इंग्रजांना आवर घालण्यात खर्ची पडावयाचे होते, त्याच्या पूर्वजांच्या गावाशेजारी इंग्रजांचे निशाण लागले ते असे, त्याच्या कारकीर्दीच्या पहिल्याच वर्षी.

नानांनी स्वतःविषयी थोडेसे लिहून ठेवले आहे. ते अपुरे आहे. नानांचा समकालीन आणि त्यांच्याप्रमाणेच इंग्रजी सत्तेशी झुंजलेला अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यानेही आत्मवृत्त लिहिले. तेही अपुरे आहे. या दोन लेखनांचा एकत्र विचार करण्याचे कारण केवळ समकालीनत्व हे नव्हे. दोघांनीही स्वतःचे काही दोष आपण होऊन सांगितले, आणि दोघांच्याही बाबतीत पुढील पिढ्यांनी त्या कबुलीचाच पुरावा करून निकाल दिला. हा निकाल न्याय्य आहे काय, आणि आत्मवृत्तातील कबुली चरित्रकाराने व समीक्षकाने कशी वाचावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

(१)

प्रथम दोघांच्या कर्तृत्वाची रूपरेषा पाहू. फ्रँकलिनचा जन्म १७०६ मध्ये बोस्टन येथे एका मेणबत्त्या व साबण करणाऱ्याच्या घरी झाला. थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात तो उमेदवार म्हणून राहिला, १७२३ मध्ये करार मोडून फिलाडेल्फियास पळाला, तेथे मुद्रक म्हणून नावारूपास आला, आणि १७४८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, धंद्यातून निवृत्त झाला. विजेवरील प्रयोगांनी त्याचे नाव युरोपात पोहोचले. १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या पाच जणांच्या समितीत तो होता. त्याच वर्षाच्या अखेरीस तो फ्रान्सला गेला, १७७८ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रान्सशी तह केला, आणि १७८३ च्या पॅरिसच्या तहावर अमेरिकेच्या वतीने सही करणाऱ्यांत तो एक होता. १७९० मध्ये तो वारला.

नानांचा जन्म १७४२ चा. फ्रँकलिनहून ते छत्तीस वर्षांनी लहान. परंतु दोघांच्या राजकारणाचा ऐन काळ एकच. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर बारभाईंच्या कारस्थानाने रघुनाथरावांना दूर सारून बालपेशवा सवाई माधवराव यांच्या नावे राज्य चालविले, आणि या मंडळींतून हळूहळू नाना एकटे अग्रभागी आले. १७७६ च्या मार्चमध्ये पुरंदरचा तह झाला, त्यानंतर चार महिन्यांनी अमेरिकेचा जाहीरनामा निघाला. १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला आणि नानांनी त्याचे आगतस्वागत केले. त्याच सुमारास फ्रँकलिन पॅरिसमध्ये फ्रेंच दरबाराचे मन वळवीत होता. १७७९ च्या आरंभी वडगाव येथे इंग्रजी फौज शरण आली. १७८० मध्ये हैदर, निजाम व नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध चौकडी उभारण्यात नानांचा पुढाकार होता. १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह ठरला. नानांनी हैदराकडे लक्ष ठेवून त्याची मान्यता लांबणीवर टाकली, आणि डिसेंबरात हैदर वारल्यावर तो प्रश्न निकालात निघाला. पॅरिस येथे अमेरिकेशी प्राथमिक करार झाला तो त्याच्या आदल्याच महिन्यात.

येथे साम्य फार ताणू नये. फ्रँकलिनच्या पाठीशी फ्रान्सचे आरमार आणि द्रव्य प्रत्यक्ष आले. सेंट लुबिनच्या पाठीशी आश्वासनांपलीकडे काही नव्हते. फ्रेंचांच्या मदतीपेक्षा फ्रेंचांविषयी इंग्रजांना वाटणारी धास्ती हीच नानांच्या हाती असलेली वस्तू होती, आणि तिचा उपयोग त्यांनी करून घेतला. शिवाय फ्रँकलिन एका नव्या राज्याच्या उभारणीत होता. नाना एका जुन्या राज्याचा तोल सावरीत होते. दोघांचेही मुख्य शस्त्र मात्र एकच होते : वेळ. काय करावयाचे यापेक्षा केव्हा करावयाचे नाही, हे दोघांनाही उत्तम कळत होते.

आता आश्चर्याची गोष्ट अशी की, यांपैकी एक अक्षरही दोघांच्या आत्मवृत्तांत नाही. फ्रँकलिनचे कथन १७५७ मध्ये तो लंडनला पोहोचल्यानंतर लवकरच थांबते. नानांचे कथन पानिपताहून परतल्यानंतर थोड्याच अवधीत संपते. जाहीरनामा, पॅरिस, पुरंदर, सालबाई हे सारे त्या पानांच्या बाहेर आहे. म्हणजे मुत्सद्दी म्हणून ज्यांची आपण परीक्षा करतो, ते दोघेही या लेखनांत मुत्सद्दी म्हणून मुळी उपस्थितच नाहीत. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली असती, तर पुढचे पुष्कळ गैरसमज टळले असते.

(२)

फ्रँकलिनने आपले आत्मवृत्त १७७१ मध्ये इंग्लंडातील ट्वायफर्ड येथे लिहावयास घेतले. पहिला भाग त्याचा मुलगा विल्यम यास उद्देशून आहे. विल्यम तेव्हा न्यू जर्सीचा गव्हर्नर होता. पुढे स्वातंत्र्ययुद्धात मुलगा इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिला आणि बापलेकांत कायमचे अंतर पडले. १७८४ मध्ये पॅरिसजवळ पासी येथे फ्रँकलिनने दुसरा भाग लिहिला. तो मुलासाठी नाही, लोकांसाठी आहे. पुढे लिहिण्याचा आग्रह करणारी दोन स्नेह्यांची पत्रेच त्याने आरंभी जोडली आहेत. नीतिसाधनेचे प्रसिद्ध प्रकरण या दुसऱ्या भागात येते. तेरा सद्गुण, आठवड्याच्या सात दिवसांची सात घरे, चूक झाली की त्या घरात काळा ठिपका. एकेका आठवड्यास एकेका गुणावर भर, तेरा आठवड्यांत एक फेरा, वर्षात चार फेरे. तेरावा गुण नम्रता. तो एका क्वेकर मित्राने गर्वाची जाणीव करून दिल्यावर मागाहून घातलेला.

पहिल्या भागात आपल्या चुकांना फ्रँकलिनने मुद्रकाच्या धंद्यातील शब्द वापरला आहे. भावाचा करार मोडणे, दुसऱ्याच्या ठेवीचा पैसा वापरणे, लंडनला गेल्यावर वाग्दत्त वधूकडे दुर्लक्ष करणे या त्याच्या लेखी छापाईतील चुका आहेत. पुढील आवृत्तीत दुरुस्त करता याव्यात अशा. येथे पापाची भाषा नाही, शुद्धिपत्राची आहे.

आता नानांकडे पाहावे. त्यांच्या आत्मवृत्ताचा आरंभ वेदान्ताच्या भाषेत होतो. आधी ईश्वर व जीव यांचा विचार, मग देहाचा जन्म, मग बालपणातील देवपूजेचा छंद. तारुण्यात मन विषयवासनेकडे ओढले गेले याची कबुली ते देतात. तीर्थयात्रेच्या हेतूने आई व पत्नी यांसह भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर ते उत्तरेस गेले, आणि १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतावर होते. त्या वेळी त्यांचे वय एकोणीस वर्षांसही एक महिना कमी होते.

या दोन लेखनांतील एक विसंगती मला फार अर्थपूर्ण वाटते. फ्रँकलिन हिशेबनीस नव्हता. तरी त्याने आपल्या मनाचे खाते उघडले, रकाने आखले, ठिपके मांडले, आणि कालांतराने ठिपके कमी झालेले पाहून समाधान मानले. नानांचा पेशाच हिशेबाचा. सरकारी जमाखर्च तपासणे, रोजकीर्द पाहणे, एकेका रकमेचा छडा लावणे हे त्यांच्या घराण्याचे काम. परंतु स्वतःविषयी लिहिताना त्यांनी कोठेही जमेची बाजू मांडलेली नाही. खाते आहे पण शिल्लक काढलेली नाही. ती काढण्याचा अधिकार आपला नाही, अशी त्यांची श्रद्धा असावी, असेच त्या मजकुराच्या घडणीवरून वाटते.

याचे कारण श्रोत्यात आहे. फ्रँकलिनचा श्रोता प्रथम मुलगा व नंतर तरुण वाचकवर्ग. म्हणून त्याची प्रत्येक कबुली उपदेशात परिणत होते. मी चुकलो, मी सुधारलो, तुम्हांलाही सुधारता येईल, असा तिचा क्रम. नानांचा श्रोता मनुष्य नाही. निदान मुख्यत्वे नाही. त्यांची कबुली उपदेशाकडे जात नाही, शरणागतीकडे जाते.

(३)

मराठी वाचकास ही दुसरी तऱ्हा अपरिचित नाही. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनातही ती आहे. संतांनी स्वतःस पतित, दुर्जन, अपराधी म्हटले ते ईश्वरापुढे. तुकोबांनी स्वतःविषयी योजिलेली कठोर विशेषणे घेऊन कोणी देहूच्या पाटलाकडे फिर्याद नेत नाही. तेथे आपण सहज ओळखतो की, ही भक्ताची भाषा आहे. नाना मुत्सद्दी होते एवढ्याच कारणाने त्यांच्या बाबतीत मात्र आपण ही ओळख विसरतो, आणि भक्ताच्या भाषेतील वाक्ये कैफियतीतील जबानीप्रमाणे उतरून घेतो.

परंतु येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो सबळ आहे. सारी कबुली संकेताचीच मानली, तर त्या लेखनास स्वतःचे असे मोल काय उरले? संकेत म्हणून सर्वच सोडून देणे हाही वाचनाचा आळसच होय. म्हणून नानांच्या मजकुरातील दोन थर वेगळे करणे अवश्य आहे. बालपण व तारुण्य यांविषयीचा भाग बव्हंशी संकेताच्या चौकटीत आहे. पानिपताचा भाग तसा नाही. तेथे सामान्य शब्द मागे पडतात आणि तपशील पुढे येतो. विश्वासराव पडल्यानंतरची पांगापांग, सांजवेळी पानिपत गावाकडे येणे, अंगावरची वस्त्रे टाकून लंगोटीनिशी पश्चिमेची वाट धरणे, उपाशीपोटी चालणे, अनोळखी माणसांच्या दयेवर जगणे, पत्नी सुखरूप असल्याची वार्ता, आणि आईचा कायमचा वियोग. येथे उपमा नाहीत, युद्धवर्णनाचा थाट नाही. एक भ्यालेला तरुण कारकून चालत आहे, एवढेच आहे.

पानिपताविषयीच्या इतर लेखनाशी ताडून पाहिले म्हणजे याचे वेगळेपण कळते. भाऊसाहेबांची बखर रणाचे वर्णन भारतीय युद्धाच्या चालीवर करते. तीत वीर बोलतात, वीर पडतात. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताचा फारसी वृत्तान्त छावण्यांतील बोलणी, निरोप आणि डावपेच सांगतो. एकात फौज आहे, दुसऱ्यात दरबार आहे. पराभवानंतर एकट्या देहाचे काय होते, हे मात्र नानांच्या आत्मवृत्तातच आहे. मराठी गद्यात भीतीचे इतके निरलंकृत वर्णन त्या काळी दुसरे क्वचितच सापडेल. वाङ्मय म्हणून त्याचे मोल येथे आहे, आणि ते मोल भीती न लपविण्यातून आलेले आहे.

(४)

या प्रांजळपणाचे फळ नानांना काय मिळाले? जॉन ब्रिग्ज यांनी या आत्मवृत्ताचे इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध केले. ग्रँट डफ यांनी १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नानांना थोर मुत्सद्दी म्हटले. पण वैयक्तिक धैर्याचा अभाव हा त्यांच्या दोषांचा उगम म्हणून नोंदविला, आणि महत्त्वाकांक्षेस तत्त्वाचा लगाम नेहमीच नव्हता असेही म्हटले. अशा मताच्या पाठीशी नानांचेच पानिपताचे निवेदन उभे करणे फार सोपे असते. पाहा, ते स्वतःच सांगतात की ते पळाले! वासनेच्या कबुलीचेही तेच. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. आपले नाटक ऐतिहासिक नव्हे, हे नाटककाराने स्पष्ट केले होते, आणि सत्ता आपली हत्यारे कशी घडविते व मोडते, हा त्याचा विषय स्वतंत्र विचारास पात्र आहे. परंतु त्यानंतर नानांच्या लंपटपणाविषयीच्या बोलण्यात नाटकातील नाना आणि आत्मवृत्तातील कबुली यांची सरमिसळ होऊ लागली. एकाचा दाखला दुसऱ्यास दिला जातो, आणि दोन्हींचा नीट विचार होत नाही.

फ्रँकलिनवरही हाच प्रसंग आला. मॅक्स वेबर याने १९०४-०५ मध्ये भांडवलशाहीच्या वृत्तीचा नमुना म्हणून त्याचेच लेखन पुढे ठेवले. डी. एच. लॉरेन्स याने १९२३ मध्ये त्याच्या तेरा सद्गुणांची कडक थट्टा केली. आत्म्यास कुंपण घालणारा माणूस अशी त्याची प्रतिमा उभी केली. दोघांच्याही म्हणण्यात तथ्यांश आहे. पण ठिपक्यांच्या वहीविषयी लिहिताना फ्रँकलिन स्वतःकडे पाहून हसतही आहे, हे लॉरेन्सने पाहिले नाही. व्यवस्थितपणाचा गुण आपल्यास कधीच साधला नाही असे तो सांगतो, आणि कुऱ्हाड लखलखीत करून घेण्यास निघालेल्या, पण सहाणेचे चाक फिरवून दमल्यावर ठिपक्यांची कुऱ्हाडच आपल्याला पसंत आहे असे म्हणणाऱ्या माणसाची गोष्ट जोडतो. नम्रतेविषयी तर तो कबूल करतो की, तिचा देखावा साधला, वस्तू साधली की नाही कोण जाणे. हे हसू वगळले की फ्रँकलिन कोता हिशेबी ठरतो. शरणागती वगळली की नाना भित्रे व विषयी ठरतात. दोन्ही ठिकाणी वाचकाने मजकूर घेतला आणि सूर टाकून दिला.

याचा अर्थ नानांची राजकीय परीक्षा करू नये असा नाही. ती कठोरपणेच केली पाहिजे. १७७८ मध्ये चुलतभाऊ मोरोबा यांस कैद, त्यानंतर सखारामबापूंसारख्या जुन्या सहकाऱ्याची कैदेत रवानगी, महादजी शिंद्यांविषयीचा कायमचा संशय, सवाई माधवरावांना वयात आल्यावरही मिळालेले अपुरे स्वातंत्र्य, १७९१ पर्यंत घाशीरामासारख्या कोतवालास मिळालेली मोकळीक, हे सारे त्यांच्या नावे मांडावे लागेल. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याचा विजय आणि ऑक्टोबरात तरुण पेशव्याचा गच्चीवरून पडून झालेला अंत, या आठ महिन्यांच्या अवधीत नानांच्या राज्यरचनेचे बळ आणि तिची पोकळी दोन्ही एकदम दिसतात. सर्व सूत्रे एका हातात ठेवणारा कारभारी आपल्या मागे कारभारी निर्माण करीत नाही. १८०० मध्ये नाना वारल्यावर तीन वर्षांच्या आत पेशवाई वसईच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयास गेली, यात त्या दोषाचाही वाटा आहे. पण या प्रत्येक बाबीचा निर्णय पत्रे, तहनामे आणि घटनाक्रम यांवरून व्हावयाचा आहे. गुहागरास जन्मलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस राहून पटवर्धनी दप्तरातील पत्रे एकामागून एक प्रसिद्ध केली आणि नानांचे चरित्रही लिहिले, त्यांनी दाखविलेली वाट हीच आहे. पानिपताहून पळणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा सालबाईच्या वाटाघाटीतील दिरंगाईचा साक्षीदार होऊ शकत नाही. उलट, १७७३ ते १७८२ या नऊ वर्षांत घरचा पेशवा फितूर, इंग्रज बोरघाटाच्या अलीकडे, आणि सहकारी डळमळीत, अशा स्थितीत जागा न सोडणाऱ्या माणसास धैर्य नव्हते असे म्हणावयाचे असेल, तर धैर्य या शब्दाचा अर्थ तरवारीपुरताच आहे असे प्रथम सिद्ध करावे लागेल.

(५)

तात्पर्य, आत्मवृत्तातील कबुली वाचताना तीन प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते. ती कोणापुढे दिली आहे? ती परंपरेच्या कोणत्या भाषेत दिली आहे? आणि ती भाषा सोडून लेखक कोणत्या जागी तपशिलात उतरला आहे? पहिल्या दोन प्रश्नांनी कबुलीचे वजन ठरते, तिसऱ्याने तिचे सत्य सापडते. फ्रँकलिनच्या बाबतीत ते सत्य तेराव्या गुणाविषयीच्या हसण्यात आहे. नानांच्या बाबतीत ते पानिपताच्या पश्चिमेच्या वाटेवर आहे.

हा प्रश्न या दोन पुरुषांपुरताही राहत नाही. आपल्याकडे सार्वजनिक जीवनातील व्यक्तींची आत्मचरित्रे पुष्कळ झाली, पण त्यांतील बहुतेक समर्थनपर आहेत. मी कसा बरोबर होतो, हे सांगण्यातच त्यांची पाने संपतात. मी भ्यालो, हे एक वाक्य त्यांत शोधूनही सापडत नाही. यासाठी केवळ लेखकांना दोष देता येत नाही. ज्या समाजात दिलेल्या कबुलीचाच पुढे आरोप होतो, तेथे शहाणा माणूस कबुली देण्याच्या भरीस पडणार नाही. नानांचे अपुरे आत्मवृत्त दोनशेहून अधिक वर्षे आपल्यापाशी आहे, आणि मराठी वाचकाने त्याचा सर्वाधिक उपयोग केला तो नानांवर दोषारोप करण्यासाठी. संशोधकांनी ते पुन्हा एकदा वाचावे, आणि वाचताना लेखकाचे वय व श्रोता विसरू नये. बाणकोटच्या किल्ल्याशेजारच्या गावातून निघालेल्या घराण्यातील त्या मुलाने आपली भीती लिहून ठेवली, ही त्याच्या धैर्याची पहिली नोंद म्हणून जमेस धरावयास हवी.